लायसन्स लागत नाही, म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मामाकडे गेले होते. फराळ झाल्यावर मामेभाऊ मला गच्चीवर घेऊन गेला आणि कापडी पिशवीतून नवीकोरी एअर रायफल बाहेर काढली. नळी मधोमध मोडून स्प्रिंग ताणायची, एक छर्रा घालायचा, नळी बंद करायची आणि चाप ओढायचा, असा तो प्रकार. एका साध्या स्मार्टफोनच्या किमतीत आली म्हणाला. दुकानदाराने ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, वहीत नाव लिहिलं आणि हसत सांगितलं, "लायसन्सची भानगड नाही. मजा करा."

कठड्याला एक प्लायवूडचा तुकडा टेकवलेला, त्यावर चिकटवलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेली वर्तुळं. तासभरात त्याने पन्नासेक छर्रे मारले. एकही दोन छर्रे शेजारी शेजारी लागले नाहीत. शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तू मेकॅनिकलची ना? मग सांग, नेम तोच, हात तोच, तरी छर्रा दर वेळी वेगळीकडे का जातो?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात पुढचा छर्रा प्लायवूडच्या कडेला चाटून गेला. 'फट्' असा आवाज आला आणि पलीकडच्या गच्चीवरच्या सोलर हीटरची काचेची नळी फुटून गरम पाण्याची धार लागली. त्या सोलरच्या सावलीत शेजारच्या काकूंचा नातू रोज दुपारी पतंगाचा मांजा गुंडाळत बसतो. त्या दिवशी तो आजोळी गेला होता. काकू वर आल्या, धार बघितली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खेळण्यातल्या बंदुकीनं काच फुटते होय रे?"

हा लेख काकूंच्या प्रश्नासाठी आहे. पण आधी भावाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण हे यंत्र समजून न घेता वापरतो.

स्प्रिंग नेमकं करते काय?

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये आधीपासून भरून ठेवलेली हवा नसते. नळी मोडताना आपण आतला दट्ट्या मागे ओढतो, त्याच्यामागची जाड स्प्रिंग दबते आणि एका खटक्यात अडकते. चाप ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि दट्ट्यासमोरची हवा क्षणात दाबली जाते. सायकलचा पंप मारताना तो खालून गरम होतो, तेच इथे होतं, पण कितीतरी जोरात. ही तापलेली, दाबलेली हवा छर्ऱ्याला नळीतून ढकलते.

गोम पुढे आहे. दट्ट्या जड असतो. तो पुढे झेपावला की रायफल मागे सरकते. दट्ट्या टोकाशी पोहोचून दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटला की तीच रायफल पुढे झटका खाते. हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उरकतं, आणि त्यातला बराचसा वेळ छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तुम्ही नेम धरून चाप ओढलात, तरी छर्रा बाहेर पडेपर्यंत बंदूक तुमच्या हातात एकदा मागे-पुढे नाचून झालेली असते.

ती दर वेळी सारखीच नाचली तर काही बिघडत नाही, छर्रे एकाच जागी लागतील. भावाने काय केलं होतं? एका छर्ऱ्याला रायफल खांद्यात गच्च दाबली, पुढच्याला सैल धरली, तिसऱ्याला थेट कठड्यावर टेकवली. तीन वेगळ्या पकडी, तीन वेगळे नाच. सवयीचे लोक म्हणूनच ही रायफल आवळून धरत नाहीत. पुढचा हात नुसता खालून आधार देतो, तळवा उघडा असतो आणि रायफलीला हवं तसं मागे-पुढे सरकू दिलं जातं. सिनेमात बघून मोठी झालेली पोरं नेमकं उलटं करतात.

हा झटका दोन्ही दिशांना बसत असल्यामुळे काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेली दुर्बीणसुद्धा या रायफलीवर खिळखिळी होऊ शकते. ती फक्त मागच्या झटक्याच्या हिशोबाने बांधलेली असते. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, हा नियमही यातूनच येतो. पुढे छर्रा नसेल तर हवेची गादीच तयार होत नाही आणि दट्ट्या धातूवर आपटतो. काही बहाद्दर वेग वाढावा म्हणून आत तेलाचे थेंब सोडतात. तापलेल्या हवेत ते तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं, आवाज मोठा येतो, छाती फुगते आणि थोड्याच दिवसांत वायसर आणि स्प्रिंग दोन्ही जातात.

एकेकाळी याच यंत्रावर जागतिक दर्जाची नेमबाजी व्हायची. जर्मनीच्या फाइनवर्कबाऊने आपल्या ३०० मॉडेलमध्ये नळी आणि दट्ट्याचा अख्खा सांगाडा दस्त्याच्या आत रुळांवर सरकेल असा बसवला, म्हणजे झटका नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचायचाच नाही. डायनाने एकमेकांच्या विरुद्ध दिशेला धावणारे दोन दट्टे वापरून झटका जागेवरच मारला. (मशीन डिझाइनच्या पेपरात आम्हाला हे का शिकवलं नाही, असं मला अजून वाटतं.) १९८४ मध्ये १० मीटर एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली. पुढे स्पर्धेत टाकीत भरलेल्या दाबाच्या हवेच्या रायफली आल्या, त्यांना झटका जवळजवळ नसतोच. २०२२ मध्ये कैरोला १० मीटरमध्ये जगज्जेता झालेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलच्या हातात अशीच रायफल असते, स्प्रिंगची नाही. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने कांस्य जिंकलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे काडतुसाच्या रायफलीने. त्या रायफलीला लायसन्सची चौकट आहे. मुलाला स्प्रिंगची रायफल घेऊन दिली की ऑलिम्पिकचा रस्ता मोकळा, असं कुणी दुकानात सांगत असेल तर ते खरं नाही.

तरीही शिकायला ही रायफल चांगली आहे, असं माझं मत आहे. ती तुमची चूक लपवत नाही. श्वास, पकड, चाप ओढण्याची घाई, सगळं कागदावर दिसतं.

कायद्याची रेघ आणि तिचा गैरसमज

आता काकूंचा प्रश्न. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तिला परवाना लागतो. त्याखालच्या एअरगनला लागत नाही, विक्रेत्याने नोंद ठेवायची असते. दुकानात सर्रास मिळतात त्या रायफली या रेघेखालच्या.

२० ज्यूल म्हणजे किती? एक लिटर पाण्याची बाटली दोन मीटरवरून पडली की जमिनीवर आदळताना तिच्यात जवळपास तेवढी ऊर्जा असते. ऐकायला किरकोळ वाटतं. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०० किलोमीटरने आला तर त्यात ६० ज्यूलहून जास्त ऊर्जा असते, म्हणजे तिप्पट. मग चेंडूला लायसन्स नाही तर छर्ऱ्याला का, असा युक्तिवाद भावाने केलाच.

इथे इंजिनीअरिंग कामाला आलं. चेंडू ती ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर पसरवतो. छर्ऱ्याचं तोंड असतं जेमतेम १६ चौरस मिलिमीटर. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरने सुटला की तो २० ज्यूलच्या अगदी काठावर पोहोचतो. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याला त्वचा भेदायला सेकंदाला साधारण १०० मीटरचा वेग पुरतो. डोळ्याला तर त्याहूनही कमी. म्हणजे परवाना न लागणारी रायफलसुद्धा या मर्यादेच्या कितीतरी वर असू शकते. वर कोन करून सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जाऊ शकतो, आणि आपल्या गावांत गच्चीपासून दोनशे मीटरच्या आत काय काय येतं ते तुम्हीच मोजा. २० ज्यूलची रेघ 'परवाना कधी' एवढंच सांगते. 'निरुपद्रवी' हा शब्द त्या नियमात नाही. तो दुकानदाराने आणि आपण मिळून घुसडला आहे.

छर्ऱ्याने कुणाला इजा झाली किंवा कुणाचा जीव धोक्यात आला, तर 'लायसन्स लागत नव्हतं' हा बचाव नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे.

पक्ष्यांबद्दल बोललंच पाहिजे. एअरगन हातात आली की पहिला नेम बुलबुलावर किंवा मैनेवर जातो, हे खेड्यापाड्यात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ही शिकार आहे, बंदूक कितीही स्वस्त असो. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून 'एअरगन सरेंडर अभियान' चाललं आणि लोकांनी आपणहून शेकडो एअरगन आणून दिल्या, त्यामागचं कारण हेच, रानातले पक्षी संपत चालले होते. मला हे अभियान आवडतं, पण त्यातून 'बंदीच घाला' हा निष्कर्ष मी काढत नाही. तिथे सवय शिकारीची होती, आपल्याकडे बहुतेकांना फक्त पुठ्ठ्यावर नेम मारायचा असतो. मात्र हा छंद विनापरवाना राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी पक्षी मारणाऱ्याला गटातून बाहेर काढायची तयारी ठेवली पाहिजे. सध्या उलटं दिसतं. पाखरू टिपल्याचं रील टाकणाऱ्याला लाइक मिळतात आणि टोकणाऱ्याला 'ज्ञान नको' म्हणून सुनावलं जातं.

मग मारायचं कुठे?

खरी अडचण जागेची आहे. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही, गावातल्या मंगल कार्यालयाची जेवणाची पंगत बसते तेवढी लांबी पुरते. मागे भक्कम भिंत, छर्रे झेलणारा अडसर आणि नेमरेषेच्या पुढे कुणी जाणार नाही याची शिस्त, एवढंच हवं. पुण्यात बालेवाडीला मोठी रेंज आहे, मुंबई-ठाणे-कोल्हापुरात शिकवणारे आहेत. तालुक्याच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. त्याच्या वाट्याला गच्ची येते.

गंमत म्हणजे या खेळाच्या देशपातळीवरच्या संघटनेची सुरुवातच एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष. नवोदितांची स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. तालुका क्रीडा संकुलांमध्ये जिमच्या शेजारी एक बंद दालन १० मीटरसाठी ठेवणं हा फार मोठा खर्च नाही. संकुल आहे पण कुलूपबंद आहे, ही तक्रार वेगळी, तिच्यावर आमचा डेस्क दर वर्षी एक बातमी करतोच.

दुसरी अपेक्षा विक्रेत्यांकडून. ओळखपत्राची झेरॉक्स घेता, तेव्हा मराठीत छापलेलं एक पान हातात द्या. नळी ताणलेली असताना ती कधीही सोडू नका, सुटली तर बोटं चिरडतात. दुर्बीण असो वा नसो, छर्ऱ्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. मारणाऱ्याने आणि बघणाऱ्याने चष्मा घाला. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरू नका, नंतर हात धुवा. लहान मुलाच्या हातात एकट्याने देऊ नका. एवढं लिहायला अर्धं पान लागतं.

घरच्या घरी करायचंच असेल तर अडसर स्वस्तात होतो. वर्तमानपत्रांची रद्दी घट्ट बांधून वीतभर जाडीचा गठ्ठा करायचा, तो जाड लाकडी खोक्यात बसवायचा आणि खोकं पक्क्या भिंतीला टेकवायचं. (आमच्या पेपरची रद्दीही चालते. ई-पेपर वाचणाऱ्यांनी शेजाऱ्यांकडून मागावी.) पत्रा, दगड, लोखंडी अँगल, नुसतं कडक लाकूड यांच्यावर मारायचं नाही, छर्रा उलटा येतो. आणि गच्चीवर नाहीच.

भावाने आता मामाच्या जुन्या गोठ्यात टेप लावून १० मीटर मोजले आहेत. आत जायचं दार त्याच्या पाठीशी आहे, समोर दगडी भिंत आणि रद्दीचं खोकं. परवा त्याने कागदाचा फोटो पाठवला, पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. पकड सैल केली म्हणे. सोलरच्या नळीचे पैसे मामाने त्याच आठवड्यात दिले होते. काकूंनी मात्र त्यांच्या गच्चीच्या दाराला तेव्हा लावलेलं कुलूप अजून काढलेलं नाही. नातू मांजा जिन्यात बसून गुंडाळतो.