कॅश : वेगाचा उपाय की शिळेपणाचा करार?

#थ्रेड

१/ संकेतस्थळ मंदावले की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘कॅश लावा.’ रोख रकमेशी या शब्दाचा संबंध नाही. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून तो आला आहे. एकदा काढलेले उत्तर हाताशी ठेवायचे आणि पुन्हा तोच प्रश्न आला की तेच द्यायचे, इतकी ही साधी कल्पना. तिचा इतिहास मात्र केवळ वेगाचा नाही.

२/ १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी एका छोट्या शोधनिबंधात मोठ्या व संथ स्मृतीच्या जोडीला लहान व चपळ स्मृती देण्याची कल्पना मांडली. तिला त्यांनी ‘दास-स्मृती’ म्हटले. १९६८ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये ती व्यावसायिक संगणकात उतरली आणि ‘कॅश’ हे नाव रूढ झाले.

३/ वेबवर अडचण अंतराची होती. तेच पान दूरच्या सर्व्हरवरून पुन्हापुन्हा का आणायचे? पण प्रत जवळ ठेवली की दुसरा प्रश्न उभा राहतो : मूळ पान बदलले तर? जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांनी त्याला उत्तर दिले. प्रत किती सेकंद ताजी मानायची, कोणती प्रत एकाच वापरकर्त्यासाठी राखायची आणि काय मुळीच साठवायचे नाही, हे सर्व्हरने सांगावे. वेगाच्या नियमांत ताजेपणा आणि खासगीपणा तेव्हापासूनच आहेत.

४/ २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘लाइव्हजर्नल’साठी ‘मेमकॅश्ड’ लिहिले. अनेक सर्व्हरांची रिकामी रॅम एकत्र गुंफून त्यांनी डेटाबेसवरचा भार उतरवला. पुढे फेसबुकसह अनेकांनी हेच साधन वापरले.

५/ मग या आधाराची दुसरी बाजू दिसली. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक अनेकांसाठी सुमारे अडीच तास बंद पडले. एक चुकीचे मूल्य ‘दुरुस्त’ करण्यासाठी प्रत्येक सर्व्हर कॅशमधली नोंद पुसून डेटाबेसकडे धावू लागला. डेटाबेस दमला, त्याच्या त्रुटीही चुकीचे मूल्य समजल्या गेल्या आणि आणखी नोंदी पुसल्या गेल्या. हे चक्र तोडण्यासाठी अखेर संकेतस्थळच थांबवावे लागले. कॅशच्या आडोशाला उभ्या असलेल्या डेटाबेसला उघड्यावरचा भार पेलवला नाही.

६/ २५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या मंचावर याहून वेगळे घडले. हल्ल्यामुळे वाढलेली रहदारी पेलण्यासाठी कॅशचे नियम बदलले गेले, त्यांत चूक झाली आणि एकाचे पान दुसऱ्याला दिसू लागले. कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४ हजार वापरकर्त्यांना याची झळ बसलेली असू शकते. पाने झटपट उघडत होती. फक्त ती भलत्याच्या हाती पडत होती.

७/ कॅशविना आजचे वेब चालणार नाही, हे खरेच. म्हणूनच तिला शेवटी चोपडायचे मलम समजणे धोक्याचे आहे. संथ क्वेरी तिच्याआड झाकता येते, पण बरी होत नाही. प्रत मुदत संपून गेली किंवा सर्व्हर नव्याने सुरू झाला की दुखणे जसेच्या तसे समोर येते.

८/ प्रत्येक साठवलेली प्रत हा वाचकाशी केलेला अबोल करार असतो : ‘एवढे शिळे तुम्हाला चालेल.’ बोधचिन्हाचे चित्र वर्षभर जुने असले तरी कोणाचे बिघडत नाही. बातमीचे पान मिनिटभर मागे राहिले तरी चालते. खात्यातली शिल्लक किंवा रेल्वेतली उरलेली जागा यांबाबत तेच मिनिट फसवणूक ठरू शकते.

९/ तेव्हा ‘किती वेगवान?’ हा प्रश्न दुसरा. त्याआधी तीन उत्तरे लेखी हवीत : ही प्रत कोणासाठी, किती काळ, आणि मूळ बदलल्यावर ती पुसणार कोण? ही उत्तरे नसतील, तर कॅश आपल्या नावाला जागते : ती दोष लपवते.

(समाप्त)