आधी नळ्या तपासा, मग गिअरबॉक्स



जुन्या ऑटोमॅटिक डिझेल मर्सिडीजला गिअर बदलताना धक्का बसू लागला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, हे आपल्या एका वाचकाचे मत मला मुळीच पटले नाही. १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेत गिअर किती जोराने पडावा, हे बऱ्याच अंशी व्हॅक्यूमवर ठरते. तो कमी पडला तर धक्का बसतो. जास्त झाला तर गिअर बदलताना इंजिन नुसतेच घोंघावते. इंजिनावरच्या ज्या पंपातून हा व्हॅक्यूम मिळतो, त्याच पंपावर दरवाजांची कुलुपे चालतात, किल्ली फिरवल्यावर इंजिनही त्यानेच बंद होते. म्हणून कुलुपे सुस्तावली, इंजिन लगेच बंद होईना, तर आधी गळतीचा संशय घ्यावा. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो, तिथे नळ्यांच्या जोडांचे जुने रबर तडकणारच! गेज असलेल्या, हाताने चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने प्रत्येक नळी तपासता येते. हा व्हॅक्यूम गिअरबॉक्सवरच्या ज्या मॉड्युलेटरला मिळतो, त्याच्या नळीत गिअरबॉक्सचे तेल दिसले, तर मॉड्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे. मॉड्युलेटर बाहेरूनच बदलता येतो. आजच्या संगणक-नियंत्रित गिअरबॉक्सना हे लागू नाही. पण जुन्या गाडीच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, ही तपासणी झाल्याशिवाय गिअरबॉक्स खोलू देऊ नका.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर