बंद खिडकीवर ठेवला जाणारा आरोप

थंडी उतरली की उत्तर भारतातील वृत्तपत्रांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. स्नानासाठी गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडावे लागले, आत गॅस गीझर चालूच होता. 2023 च्या होळीच्या सुमारास मुंबईत आणि गाझियाबादेत रंग धुण्यासाठी गेलेली जोडपी मृतावस्थेत सापडली, आणि दोन्ही ठिकाणी संशय गीझरवरच आला. बातमीचा शेवटही ठरलेला: खिडकी बंद होती, वायुवीजन नव्हते, नागरिकांनी काळजी घ्यावी. म्हणजे दोषी कोण, तर थंडीत खिडकी लावून घेणारा आणि स्नान करताना दाराला कडी घालणारा माणूस.

हा निवाडा साध्या गणितापुढेही टिकत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसने तापवायचे, तर त्याला सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता द्यावी लागते. काही उष्णता वाया जाणारच, म्हणून ज्योत बारा-साडेबारा किलोवॉटची हवी. नळाने घरात येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. त्याच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनाला प्राणवायूचे दोन रेणू लागतात. एवढी ज्योत तासाला साधारण सव्वा घनमीटर वायू जाळते आणि त्यासाठी अडीच घनमीटर प्राणवायू ओढून घेते. आता चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच स्नानगृह डोळ्यांसमोर आणा. त्यात सारी मिळून साडेपाच घनमीटर हवा. बाहेरची हवा आत आलीच नाही, तर प्राणवायूचे प्रमाण 21 टक्क्यांवरून 19 वर यायला तीन मिनिटेही लागत नाहीत, आणि याच पातळीच्या आसपास ज्वलन बिघडू लागून कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते आणि हा काळ लांबतो. किती लांबतो, ते फटीवर अवलंबून! आणि दुकानात अभिमानाने सांगितले जाणारे सुरक्षेचे वैशिष्ट्य कोणते? वीस मिनिटांनी गीझर आपोआप बंद होतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वास येईलच, या भरवशावर अनेक जण निश्चिंत असतात. पण तो वास वायूत मुद्दाम मिसळलेल्या गंधद्रव्याचा असतो आणि ज्योतीत ते द्रव्यही जळून जाते. येथे गळती नसतेच; वायू जळत असतो, फक्त अर्धवट. हिमोग्लोबिनशी कार्बन मोनॉक्साइडची बांधिलकी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट असते. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. धोका उमगेपर्यंत कडी काढण्याचे बळ उरत नाही. वाचलेल्यांचेही निदान चुकते. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्तच समजतो आणि आकडा निर्धास्त करणारा दाखवतो. भारतीय वैद्यकीय साहित्यात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद आहे. स्नानगृहात आलेला झटका अपस्मार समजला गेल्याची उदाहरणेही त्यात आहेत.

गॅसवर पाणी तापवण्याची कल्पना मुळात वाईट नाही, हे मान्य केले पाहिजे. कोळशावरच्या वीजकेंद्रात इंधनातील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती येतो. घरात थेट जाळलेल्या वायूतील सुमारे चार-पंचमांश उष्णता पाण्यात उतरते. आक्षेप इंधनावर नाही. आक्षेप आहे तो ज्वलनाची हवा खोलीतून घेऊन धूर खोलीतच सोडणाऱ्या, धुराडे नसलेल्या उपकरणावर, आणि ते स्नानगृहाच्या भिंतीवर टांगण्याच्या रूढीवर. अंघोळ करणाऱ्याने खिडकी उघडी ठेवली तरच जे यंत्र सुरक्षित राहते, त्याची सुरक्षा ग्राहकाच्या अंगावर ढकलून दिलेली असते.

निवड करताना म्हणूनच मिनिटाला किती लिटर, हा प्रश्न नंतरचा. बाहेरचीच हवा घेणारे आणि धूरही बाहेरच सोडणारे, खोलीपासून पूर्ण बंदिस्त ज्वलनकक्ष असलेले गीझर मिळतात. ते महाग असतात. साधे धुराडे असलेल्या गीझरला आत येणाऱ्या हवेची वाट लागतेच. ती नसताना एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढू शकतो. ज्योत विझताच वायू रोखणारी झडप उपयुक्त खरी, पण जळत्या ज्योतीतून काय बाहेर पडते, हे तिला कळत नाही. आणखी एक घोळ जेटचा. मिथेनसाठी छिद्र मोठे लागते, सिलिंडरच्या एलपीजीसाठी लहान. नळाच्या वायूचा गीझर तसाच सिलिंडरला जोडला, तर ज्योतीला हवा अपुरी पडते आणि पुन्हा तोच कार्बन मोनॉक्साइड.

धुराडे नसलेला गीझर स्नानगृहात बसवण्यासाठी विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी हवी. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने धूर कोठे जातो हे पाहून, लेखी नोंद करूनच वायू सुरू करावा. खोक्यावर लिटरचा आकडा जेवढ्या ठळक अक्षरांत असतो, तेवढ्याच अक्षरांत ‘स्नानगृहात बसवू नये’ हे छापायला उत्पादकांना अडचण कसली? तोवर ग्राहकाने दुकानदाराला एवढेच विचारावे की याचा धूर कोठे जातो. उत्तरादाखल त्याने खिडकीकडे बोट दाखवले, तर ते यंत्र तेथेच ठेवून यावे.