कोबीवरील जाळी : केव्हा व कोठे

कोबीच्या पानांना भोके दिसू लागली म्हणजे शेतकरी प्रथम फवारणीचा पंप बाहेर काढतो. एका औषधाने अळी मरत नाही असे दिसले की दुसरे आणतो. काही जण तर दोन औषधे एकत्र करून मारतात. नाशिक, पुणे, सातारा या भाजीपाल्याच्या जिल्ह्यांत हा प्रकार नवा नाही. यात पैसा तर जातोच, पण जी अळी औषधाला दाद देत नाही तिचीच वीण पुढे वाढत राहते. चौकोनी ठिपक्याच्या पतंगावर डी.डी.टी. चालेनासे झाल्याची नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली होती, आणि त्यानंतर आलेल्या अनेक औषधांची गत कोठे ना कोठे तशीच झाली. जाळीचे तसे होत नाही. म्हणून कोबी पिकविणाऱ्याने जाळीचा विचार फवारणीच्या आधी करावयास हवा.

मात्र जाळी विकत घेणे व जाळी वापरणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा पतंग लहान व करड्या रंगाचा असून दिवसा पानाआड दडून राहतो व अंधार पडू लागला म्हणजे अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. पानांवर अळ्या दिसल्यानंतर जाळी पसरली तर ती किडीचेच घर ठरते. आतील कोषांतून निघालेले पतंग आतच अंडी घालतात, आणि अळ्या टिपणारे पक्षी व अळ्यांवर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र बाहेर राहतात. तेव्हा जाळी लागणीच्या दिवशीच चढली पाहिजे, आणि लावलेले रोप निर्मळ असले पाहिजे.

येथेच रोपवाटिकेचे महत्त्व आहे. एक एकर कोबीची रोपे एका गुंठ्याहून कमी जागेत तयार होतात. चाळीस गुंठे झाकण्याचा खर्च लहान शेतकऱ्यास झेपणार नाही. गादीवाफे झाकण्याचा खर्च कोणासही झेपेल. बी टाकल्याबरोबर वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवाव्यात, त्यांवर बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी ताणावी व कडा चारही बाजूंनी मातीत गाडाव्यात. जाळी पानांना टेकू देऊ नये. टेकलेल्या पानावर पतंग बाहेरून अंडी घालतो. कित्येक घरी वाफ्यावर जुनी साडी टाकतात. काही नसण्यापेक्षा ती बरी, पण तिने उजेड अडतो व रोपे लांबट, लेची होतात. लागणीपूर्वी तीन-चार दिवस जाळी दिवसा काढून रोपांना उन्हाची सवय करावी.

शेतातील पिकावर जाळी कोणी घालावी? ज्याची कोबी पाच-दहा गुंठेच आहे, त्याने अवश्य घालावी. काकडी-दोडक्याला फुले आली की मधमाशीसाठी जाळी काढावी लागते. कोबीचा गड्डा फुलावर येण्यापूर्वीच निघत असल्याने ती अडचण नाही. अडचण आहे ती उष्म्याची. जाळीखाली हवा कोंडते, दमट दिवसांत घाण्या रोगास वाव मिळतो. म्हणून छिद्रे गरजेहून बारीक नसावीत. मिलिमीटरभराच्या छिद्रातून पतंग शिरत नाही. मावा शिरतो, त्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. पश्चिम आफ्रिकेतील बेनीन देशात झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जाळी रात्रीपुरती घालून दिवसा काढीत असत, तरीही पतंगाचा उपद्रव पुष्कळ कमी झाला. घरची माणसे रोज सायंकाळी मोकळी असतील तर हे आपल्याकडेही करून पाहण्यासारखे आहे.

एकर-दोन एकरांच्या मळ्याला जाळीचा आग्रह धरणे योग्य नव्हे. तेथे रोपवाटिका जाळीखाली आणि शेतात मोहरी, हाच मार्ग परवडणारा आहे. बंगळूरु येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचविल्याप्रमाणे कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी असाव्यात. पैकी एक लागणीपूर्वी पंधरा दिवस व दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढला जातो, म्हणून औषध मारावयाचे तर प्रथम मोहरीवर मारावे. मोहरी तशीच सोडून दिल्यास मात्र तीच किडीची खाण होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या वहीत वाटलेल्या जाळ्यांचा आकडा असतो. त्याशेजारी आणखी दोन रकाने आखावेत : जाळी चढली त्या दिवशी रोपांचे वय काय होते, आणि कडा मातीत गाडल्या होत्या की दगड ठेवून भागविले होते. गावात पहिल्याच फेरीला एक पान उलटून पाहावे. कोवळ्या अळीने खरवडलेल्या जागी पानाचा पातळ पापुद्रा काचेसारखा शिल्लक राहतो, व अळीस बोट लावताच ती वळवळत धाग्यावरून खाली लोंबते. वाफ्यावरच असे दिसले तर त्या रोपांवर शेतात जाळी घालण्याचा सल्ला देऊ नये. आधी रोपे अळीमुक्त करावीत किंवा दुसरी आणावीत.