घरातला विजेचा बोर्ड मुलांना वाचता आला पाहिजे



एक साधा प्रश्न विचारते. आत्ता तुमच्या घरात कुणाला शॉक बसला, तर कोणतं बटण पाडायचं हे घरातल्या किती जणांना माहीत आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, "ह्यांना माहीत आहे." आणि 'हे' घरी नसतील तर?

मी चौथीचा वर्ग शिकवते. मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा कळलं, तिच्या आईला कपडे वाळत घालायच्या तारेवरून शॉक बसला होता. तार लोखंडी, एक टोक पत्र्याच्या शेडला बांधलेलं आणि त्याच शेडवरून गेलेल्या वायरचं आवरण घासून निघालेलं. वडील बोर्डाकडे धावले. बोर्डावर दोन बटणं, पण कुठलं कशाचं ते लिहिलेलं नाही. मेन स्विच धान्याच्या पोत्यांमागे. तो सापडेपर्यंत जो वेळ गेला, तो त्या घरातला कुणीच विसरणार नाही. आई वाचली. हाताला भाजल्याची खूण मात्र राहिली.

पण मला झोप लागू दिली नाही ती त्या मुलीच्या प्रश्नाने. ती म्हणाली, "बाई, जास्त वीज गेली की बटण आपोआप पडतं असं तुम्हीच सांगितलं होतं. मग आईच्या वेळी का नाही पडलं?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हणाले. डी.एड. झालं, इतकी वर्षं शिकवते आहे, पण रोज ज्या बोर्डाखालून जाते त्याचं काम मला नीट माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर गावातल्या वायरमनदादांना गाठलं आणि धडा मीच शिकले. तोच आज तुम्हाला सांगते.

बटण कुणाला वाचवतं?

बोर्डावरची जी छोटी बटणं आपण वर-खाली करतो ती एमसीबी. तिच्यावर ६, १०, १६, ३२ असा आकडा असतो. तो अँपिअरचा. म्हणजे त्या तारेतून कायम किती करंट गेलेला चालेल त्याची मर्यादा. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची येते. कोणत्याही उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागलं की ते किती अँपिअर ओढतं ते कळतं. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर घेतो. २००० वॅटची विजेची शेगडी जवळजवळ पावणेनऊ. दोन्ही एकाच १० च्या बटणावर लावली तर बेरीज पंधराच्या वर जाते.

अशा वेळी एमसीबीच्या आत दोन वेगळ्या धातूंची जोडलेली पट्टी तापते, वाकते आणि थोड्या वेळाने बटण पडतं. शॉर्ट सर्किट झालं तर करंट एकदम प्रचंड वाढतो. तेव्हा आतलं विद्युतचुंबक क्षणात बटण पाडतं. पूर्वी हेच काम फ्यूजची तार वितळून करायची.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही! माणसाच्या शरीरातून जाणारा करंट बहुतेक वेळा एक अँपिअरपेक्षाही कितीतरी कमी असतो. तेवढ्याने जीव जाऊ शकतो, पण १६ अँपिअरच्या बटणाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आईच्या वेळी बटण पडलं नाही. ते बिघडलेलं नव्हतं. ते त्याचं कामच नव्हतं.

माणसासाठी वेगळं यंत्र असतं

त्याचं नाव आरसीसीबी. हे कसं चालतं ते आपण शिक्षकांना पटकन समजेल. सहलीला मुलं बसमधून उतरताना मोजतो, परत चढताना मोजतो. एक जरी कमी भरलं तरी बस जागची हलू देत नाही. आरसीसीबी हेच करतं. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ते सारखं मोजत असतं. मध्येच थोडा करंट कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर हिशोब जुळत नाही आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत वीज बंद होते. घरासाठीचं आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरचं असतं. १६ अँपिअर हा त्याच्या पाचशे पटीहून जास्त झाला. फरक किती मोठा आहे बघा.

अर्थात आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर मोजणी जुळू शकते आणि ते पडत नाही. जास्त भार आला तरी ते पडत नाही, त्यासाठी एमसीबीच लागते. आणि अर्थिंग चांगलं हवंच. म्हणून तिन्ही लागतात, एकाऐवजी दुसरं चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घर बांधताना आपण फरशी चार दुकानं फिरून निवडतो, आणि बोर्ड मात्र "बसवा काहीतरी" म्हणून सोडून देतो. आरसीसीबीची किंमत स्मार्टफोनच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते. तरी कित्येक घरांत ते नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण कधी दाबून पाहिलेलं नाही. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर वायरमनला बोलवा.

दुसरी चूक याहून मोठी. बटण सारखं पडतं म्हणून १६ ची एमसीबी काढून ३२ ची बसवतात. तार मात्र तीच! करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. बटण पडणार नाही, पण भिंतीच्या आत तार जळत राहील. माझे वडीलही पूर्वी फ्यूजला जाड तार गुंडाळायचे आणि आम्हाला ती हुशारी वाटायची. पडणारं बटण आपल्याला काहीतरी सांगत असतं. आधी सगळी उपकरणं बंद करा, बटण वर करा, मग एकेक चालू करा. ज्याच्यावर पडेल त्यात दोष किंवा भार जास्त. सगळं बंद असतानाही पडत असेल तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

मुलांना काय शिकवायचं?

काही पालक म्हणतील, "एवढ्याशा पोरांना बोर्डाजवळ कशाला न्यायचं?" काळजी बरोबर आहे. मुलांनी बोर्ड उघडायचा नाही, वायरला हात लावायचा नाही, हे आधी सांगायचंच. पण "विजेला हात लावू नको" एवढंच सांगून आपण भीती शिकवतो, समज नाही. शॉक बसलेल्या माणसाला घाबरलेलं मूल आधी मिठी मारायला धावतं. समज असलेलं मूल हात न लावता ओरडतं, "मेन बंद करा!" तो एक शब्द कुणाचा तरी जीव वाचवू शकतो.

मी वर्गात एक गृहपाठ दिला. मोठ्या माणसाला सोबत घेऊन आपल्या घरच्या बोर्डाचं चित्र काढायचं. मेन कुठे, कोणतं बटण कशाचं, त्यावर आकडा किती, ते चित्रात लिहायचं. मग मोठ्यांनी बोर्डावर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. अठ्ठावीस चित्रं आली. कित्येक घरांत हे पहिल्यांदाच विचारलं गेलं असावं.

त्या मुलीच्या चित्रात मेन स्विच लाल रंगाने गिरवलेला होता आणि समोरची पोती गायब होती. बोर्डावर एक नवीन चौकोन होता, खाली लिहिलं होतं, 'हे आईसाठी'. कोपऱ्यात कपडे वाळत घातले होते, नायलॉनच्या दोरीवर.

वाचकहो, आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा. मुलांना घेऊन बोर्डासमोर उभे राहा आणि विचारा, "यातलं मेन कुठलं?" उत्तर आलं नाही, तर तिथूनच सुरुवात करा.