नळ पोहोचला, पाणी तपासले का?

परभणी जिल्ह्याला पाणी नाही, असे म्हणता येत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तिन्ही नद्या इथून वाहतात. जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे, सेलूजवळ निम्न दुधना आहे, जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीच्या शिवारापर्यंत येतो. तरीही मार्च उलटला की विहीर अधिग्रहणाचे आणि टँकरचे प्रस्ताव तहसीलला जाऊ लागतात. कारण धरणाच्या पाण्यावर ऊस आणि शहरे आधी हक्क सांगतात. बहुतेक गावे पिण्यासाठी आपल्याच विहिरीवर नाहीतर बोअरवर अवलंबून आहेत.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी २०२४ पर्यंत घरोघर पोहोचायचे होते. ती मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. मुदत लांबली याची मला तितकी चिंता नाही. चिंता आहे ती मोजमापाची. नळजोडण्या मोजल्या जातात, पण ज्या उद्भवावर, म्हणजे विहिरीवर वा बोअरवर, योजना उभी आहे तो उन्हाळ्यात टिकतो का, हे कोण मोजते? इथल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. शेजारच्या शेतात खोल बोअर पडली की गावाची विहीर उघडी पडते. सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर वा बोअर घेऊ नये, असा कायदा राज्यात आहे. शिवारात तो कुणाला आठवत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कापूस-सोयाबीनच्या शिवारातला युरिया, गोठ्यांचे आणि शौचालयांच्या खड्ड्यांचे झिरपणे यांतून नायट्रेट भूजलात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि मराठवाड्यातले अनेक नमुने ती ओलांडतात, असे केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल वारंवार दाखवतात. नायट्रेटला चव नाही, वास नाही. पाणी उकळले तर ते कमी होत नाही. वाफ होऊन पाणी आटते, तसे उलट वाढते. ज्या आया तान्ह्या बाळाला उकळलेल्या पाण्यातले वरचे दूध पाजतात, त्यांना हे कुणी सांगितलेले नसते. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता याच नायट्रेटने घटते.

जंतूंसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. पण ताज्या पावडरीतला साधारण ३३ टक्के क्लोरीन उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत उडून जातो. टाकीत पांढरी पूड पडते, नोंदवहीत सही होते आणि शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग येतच नाही. टाकीत पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला दोष देणे सोपे आहे. त्याचे तुटपुंजे मानधनही वेळेवर होत नाही आणि पंपाचे वीजबिल थकले की सारी योजनाच बंद पडते.

या पोकळीत जार शिरला आहे. २० लिटरच्या एका जारला १५ रुपये धरले, तरी रोज एक घेणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला ५,४७५ रुपये जातात. बहुतेक गावांची वर्षाची पाणीपट्टी याच्या जवळपासही जात नाही. ज्याला परवडते तो जार घेतो आणि मग पाणीपट्टी भरायची त्याची इच्छा उरत नाही. शेतमजुराचे घर बोअरचेच पाणी पिते. त्या थंड जारवर अनेकदा सील नसते, तारीख नसते. तोही गावाच्याच भूजलातून भरलेला असतो. हे असेच चालू राहिले, तर सरकारी नळ फक्त गरिबांचा राहील, आणि जो नळ फक्त गरिबांचा, त्याच्या दुरुस्तीसाठी कुणी आवाज उठवत नाही.

उपाय अनोळखी नाहीत. पाण्याच्या स्वच्छतेवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण प्रत्येक गावात पाच महिलांना द्यायचे, असे मिशनमध्येच ठरले आहे. म्हणून येत्या १ मेच्या ग्रामसभेत चार गोष्टी मागा: आपल्या गावाच्या कार्डाचा रंग, उद्भवाचा ताजा नायट्रेट अहवाल, टीसीएल खरेदीची तारीख आणि वीजबिलाची थकबाकी. उत्तरे तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा.