वाकायचं कुणी?

परवा शेजारच्या वहिनींकडे नवा फ्रिज आला. खोकं उघडलं, हळद-कुंकू वाहून झालं आणि वहिनींनी सवयीने बर्फाचा ट्रे हातात घेऊन वरचं दार उघडलं. आत नुसते कप्पे! "अगो बाई, ह्याला फ्रीजरच नाही की काय?" फ्रीजर होता, पण खाली. फ्रिज पसंत करायला अलिबागला गेले होते भावजी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता हेच चालतं." रंग छान होता, गणपतीची ऑफर होती, झालं काम. वहिनी घरी, कारण माळ्यावरची भांडी काढून घासायची होती.

मैत्रिणींनो, मला फ्रिजचा राग आला नाही. जी बाई दिवसभर ते दार उघडझाप करणार, तिला एकदा दुकानात नेऊन "जरा वाकून बघ" असं म्हणावंसं कुणालाच वाटलं नाही, याचा आला. शंभर-दोनशेच्या चपला आपण पायात घालून, दोन पावलं चालून घेतो. आणि हजारो रुपयांचा फ्रिज?

खाली फ्रीजरवाला फ्रिज गेली चार वर्षं माझ्याही घरात आहे, म्हणून हे बोलायचं धाडस.

दुकानदार खोटं बोलत नाही. एकदा मी सहज दिवसभर कॅलेंडरवर रेघा मारल्या. दूध, दही, कालची आमटी, कोथिंबीर, मिरच्या असं करत फ्रिजचं दार वीसच्या वर उघडलं. फ्रीजर चार वेळा. जुन्या फ्रिजात भाजीचा ट्रे अगदी जमिनीलगत, म्हणजे एका लिंबासाठीसुद्धा कंबरेत वाकायचं. आता भाजी हाताशी आणि दूध डोळ्यांसमोर. चाळिशी उलटलेल्या कंबरेला हे सुख कळतं.

पण हा हिशोब भाजी-आमटीवर चालणाऱ्या घराचा झाला. आमच्या किनाऱ्यावर फ्रीजर म्हणजे दुसरी कोठी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे मे संपता संपता कोळंबी सोलून, सुरमईच्या तुकड्या करून डबे भरायचे. मग सकाळी एक डबा काढायचा, संध्याकाळी एक, आणि हवा असलेला डबा नेमका सगळ्यांच्या तळाशी! त्यात या फ्रिजच्या सर्वांत खालच्या ड्रॉवरची खोली कमी असते, कारण त्याच्यामागे कॉम्प्रेसर बसवलेला. अख्खी सुरमई आडवी ठेवायची हौस असेल तर विसरा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई घरात असतील तर त्यांना दुकानात न्याच. आमच्या सासूबाईंनी तोडगा काढला. मासे कापायला घेतात तो पाट फ्रीजरपुढे ठेवून त्या ऐसपैस बसतात आणि एकेक डबा वाचून काढतात. वाचून म्हणजे, त्यावर मी चिकटपट्टी लावून तारीख लिहिते.

इतकं असूनही मी हाच फ्रिज का घेतला? निसर्ग चक्रीवादळामुळे. ३ जून २०२० ला ते आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पोफळी-नारळ आडवे झाले, विजेचे खांब झोपले आणि वीज गेली ती कित्येक दिवस. आमच्या जुन्या फ्रिजचा फ्रीजर वर. पावसाळ्याची सगळी बेगमी त्यात. दुसऱ्या दिवशी मासळी सुटली आणि तिचं पाणी दारातून ओघळत खालच्या दुधावर, लोण्यावर, भाजीवर. पत्रे उडालेल्या घरात बसून मी तो फ्रिज पुसत होते. मासळी गेलीच, पण बाकीचंही गेलं. फ्रीजर खाली असला तर वितळलेलं पाणी निदान तळालाच राहतं. शिवाय थंड हवा जड असते, ड्रॉवर ओढला तरी ती फारशी बाहेर सांडत नाही. वीज गेली की एकच पथ्य, दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, वरचा फ्रिज मात्र चारेक तासच. आणि पूर्ण सुटून कोमट झालेली मासळी पुन्हा गोठवून खाण्याचा लोभ नको.

आता दुखण्याकडे येते. हे फ्रिज फ्रॉस्ट-फ्री असतात. गारवा तयार होतो फ्रीजरच्या मागे आणि पंखा तो वर ढकलतो. त्या वाटेत बर्फ साचला की खाली आईस्क्रीम दगड आणि वर दूध नासलेलं. माझ्याकडे दुसऱ्याच पावसाळ्यात हेच झालं. दुरुस्तीला आलेल्या मुलाने दार उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काकी, गॅस गेलाय." हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! मी म्हटलं, "बाळा, गॅस गेला तर खाली दगड कसा? मागचं झाकण उघड आणि दाखव मला." झाकणामागे बर्फाची भिंत. दोन्ही दारं उघडी टाकून फ्रिज पुरता एक दिवस बंद ठेवला, खाली जुनी लुगडी पसरली, फ्रिज सुरू झाला. असं वारंवार झालं तर मात्र बर्फ वितळवणारा हीटर किंवा सेन्सर बिघडलेला असतो, तो बदलावा लागतो. घाईने सुरीने बर्फ खरवडू नका. नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल.

बर्फ साचण्याचं कारण बहुतेकदा आपणच असतो. ड्रॉवरमध्ये डबे कोंबले की तो पूर्ण आत जात नाही, दार केसभर उघडं राहतं आणि आपली किनाऱ्याची ओली हवा रात्रभर आत शिरते. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघा. अलगद सुटली तर रबर पुसा, नाहीतर बदला. ड्रॉवरखाली बर्फाची लादी किंवा फरशीवर पाण्याचं थारोळं दिसलं तर पाणी जाण्याचं भोक तुंबलंय असं समजा. कोमट पाणी घातलं की बरेचदा मोकळं होतं.

आणि खारा वारा! तो लोखंडाला सोडत नाही. दारावरचं कंपनीचं प्लास्टिक हौसेने वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याखाली ओल धरते आणि खालच्या कडेपासून गंज सुरू होतो. त्यावर क्रोशाचं कव्हर घालणाऱ्या माझ्या जाऊबाईंना हे सांगायची माझी टाप नाही, ते सोडा.

घेण्याआधी आणखी दोन गोष्टी विचारा. सुटे भाग आणि माणूस आपल्या तालुक्यात मिळतो का, की पनवेलहून यायची वाट बघायची? आणि लेबलवर वर्षाची किती युनिटं लिहिली आहेत? फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ते लेबल २०१० पासून सक्तीचं आहे. नुसते तारे मोजू नका, तेवढ्याच लिटरच्या वर-फ्रीजरवाल्या फ्रिजशी युनिटं ताडून बघा. पुष्कळदा हे फ्रिज महागही पडतात.

वहिनींनी फ्रिज बदलून आणला नाही. एकदा घरात आलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून. पण काल खालच्या ड्रॉवरमध्ये कोळंबीचं पाणी सांडलं, तेव्हा त्यांनी भावजींनाच फडकं दिलं. अर्धा तास उकिडवे बसले होते. कंबर धरून उठताना म्हणाले, "हा जरा वर हवा होता, नाही?"